हाताला लागलेलं वळण कोणाच्या मालकीचं?

दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीत नावांची लांबलचक यादी, दुसरीत भरायचा तक्ता. यादीतलं नाव वाचायचं, तक्त्यात टाकायचं, परत यादीकडे यायचं. माझ्या शेजारी बसून हे काम करणाऱ्या ताईंचा उजवा हात दर नावामागे कळफलकावरून उठायचा, माऊस धरायचा, बाण खाली टास्कबारपर्यंत, म्हणजे स्क्रीनच्या तळच्या पट्टीपर्यंत न्यायचा. तिथं खिडक्यांची छोटी चित्रं वर यायची. सगळी सारखीच दिसणारी. त्यांतलं बरोबर चित्र निवडून क्लिक केलं की हात पुन्हा कळफलकावर येऊन आपली जागा चाचपायचा. तोवर नाव विसरलेलं असायचं. मग पुन्हा तोच प्रवास, आडनावाची वेलांटी पहिली की दुसरी हे बघायला.

मी म्हणालो, डाव्या अंगठ्यानं ऑल्ट दाबून धरा, बोटानं टॅब एकदा दाबा आणि मग दोन्ही सोडा. पहिल्या खेपेला त्यांचा ऑल्ट लवकर सुटला. मेन्यूवर जागोजागी छोटी छोटी अक्षरं उमटली आणि त्या दचकल्या, काहीतरी बिघडलं म्हणून. दुसऱ्या खेपेला ऑल्ट घट्ट धरला, पण टॅबही धरूनच ठेवला, त्यामुळे चौकट एका खिडकीवरून दुसरीवर भराभरा पळत सुटली. तिसऱ्या खेपेला जमलं. यादी, तक्ता, यादी, तक्ता. चार-पाच वेळा त्यांनी नुसतंच करून पाहिलं, एकही नाव न भरता. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काम करतेय, हे कुणी सांगितलंच नाही."

ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं आहे. त्यात कुणाला बोल लावलेला नव्हता, तरी ते मला गंभीर वाटतं. खिडकी बदलणं ही संगणकावरची अगदी प्राथमिक हालचाल आहे, पुस्तकाचं पान उलटण्याइतकी. ती हातातल्या हातात करता येते ही माहिती लाखो माणसांपर्यंत पोहोचत नाही. आणि ज्यांच्यापर्यंत पोहोचते, ज्यांच्या हाताला ते वळण लागतं, त्यांच्या हाताखालून त्या कळांचा अर्थ एखाद्या अपडेटमध्ये बदलला जातो. माझ्या मते या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. कळफलकावरच्या या वहिवाटीच्या वाटांना आपण सार्वजनिक गोष्ट मानतच नाही. त्यांना चलाख माणसांची हौस समजतो, किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची खासगी मालमत्ता. मला त्या रस्त्यासारख्या वाटतात. रस्ता बांधणारा कुणीही असो, वर्षानुवर्षं लोक त्यावरून चालले की तो लोकांचा होतो.

माऊस म्हणजे सोपा आणि कळफलक म्हणजे अवघड, ही समजूत निसर्गनियम नव्हे. ती घडवली गेली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये माऊसचे जनक डग्लस एंगलबर्ट यांनी पहिल्यांदा लोकांसमोर माऊस दाखवला, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हाताखाली पाच कळांची एक पट्टी होती. पियानोवर सूर एकत्र दाबावेत तशा त्या पाच कळा वेगवेगळ्या जुळणीनं दाबायच्या. एकूण ३१ जुळण्या होतात, म्हणजे इंग्रजीची सगळी अक्षरं मावून वर थोड्या उरतात. एक हात जागा दाखवणार, दुसरा हात आज्ञा देणार आणि मधे नेहमीचा कळफलक. ज्यांनी माऊस घडवला त्यांच्याही मनात माऊस एकटा नव्हता. माणूस शिकेल, हाताला सवय लागेल आणि मग त्याची झेप वाढेल, असं एंगलबर्ट धरून चालले होते. बाजारानं त्यातला माऊस उचलला आणि पाच कळांची पट्टी मागे ठेवली.

पुढे १९८४ मध्ये ॲपलचा पहिला मॅकिंटॉश संगणक आला, तेव्हा त्याच्या कळफलकावर बाणांच्या कळाच नव्हत्या. ते मुद्दाम केलं होतं, लोकांनी माऊस वापरावा म्हणून. त्याच काळात दुसरीकडे मात्र उलटी गरज होती. १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा बहुतेक संगणकांना माऊस नव्हताच, त्यामुळे प्रत्येक कामाला कळफलकावरून वाट ठेवणं भाग होतं. १९८७ मध्ये आयबीएमनं वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये कळा सारख्या असाव्यात म्हणून नियमच घालून दिले. एफ-१ म्हणजे मदत, ऑल्ट आणि एफ-४ म्हणजे खिडकी बंद, हे त्या नियमांतलं आजही जिवंत आहे. कट, कॉपी, पेस्टसाठी एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची अक्षरं लॅरी टेस्लर यांनी ॲपलच्या लिसा संगणकासाठी निवडली. पुढे प्रतिस्पर्धी कंपनीनंही तीच अक्षरं घेतली. आज कुणालाही विचारा, कंट्रोल-सी कुठल्या कंपनीचं? प्रश्नच विचित्र वाटेल. ते सगळ्यांचं आहे. एकमेकांशी झगडणाऱ्या कंपन्यांनी ज्या थोड्या गोष्टी सामायिक ठेवल्या, त्यांत ही चार-दोन अक्षरं येतात.

ऑल्ट-टॅबची गोष्ट याहून सुंदर आहे, कारण त्यात एक विचार दडलेला आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. टॅब दाबल्यावर खिडक्या ज्या क्रमानं समोर येतात तो क्रम टास्कबारवरचा नसतो, नावांच्या अक्षरांप्रमाणेही नसतो. तो तुमच्या वापराचा क्रम असतो. सगळ्यात आधी आत्ता हातात असलेली खिडकी, मग तिच्या आधीची, मग त्याआधीची. टेबलावरच्या कागदांच्या चळतीसारखं हे चालतं. खालून एखादा कागद ओढून काढला, वाचला आणि ठेवताना वर ठेवला, की पुढच्या वेळी तो वरच सापडतो. म्हणूनच एकदा ऑल्ट-टॅब केलं की नेहमी मघाच्याच खिडकीत जाता येतं, स्क्रीनकडे न बघता. वीस खिडक्या उघड्या असल्या तरी ज्या दोघींत काम चाललंय त्या दोघी हाताशी राहतात. तीन खिडक्यांत काम असेल तर तिसरीसाठी ऑल्ट न सोडता टॅब दोनदा. बोटं हे हिशेब आपोआप करू लागतात. सायकल शिकलेल्याला तोल कसा सांभाळतो हे सांगता येत नाही, तसंच.

आतापर्यंत या कळांच्या बाजूनं जे बोललं जातं ते बहुधा वेळेच्या बचतीबद्दल असतं. तो मुद्दा खोटा नाही, पण त्यावर सगळा भार टाकू नये असं मला वाटतं. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन नेवेल या संशोधकांनी १९८० मध्ये अशा हालचालींना लागणाऱ्या वेळेचे सरासरी आकडे मांडले होते. हात कळफलकावरून माऊसवर न्यायला सुमारे ०.४ सेकंद, बाण लक्ष्यापर्यंत न्यायला १.१ सेकंद, सामान्य वेगानं टाइप करणाऱ्याला एक कळ दाबायला ०.२८ सेकंद. त्यावरून हिशेब करा. हात माऊसवर, बाण टास्कबारवर, क्लिक, हात परत: दोन सेकंदांच्या आसपास. ऑल्ट आणि टॅब: अर्ध्या सेकंदाच्या जरा वर. फरक दीड सेकंदाचा. दिवसाला ३०० वेळा खिडकी बदलणाऱ्याचे साडेसात मिनिटं वाचतील. एवढ्यासाठी कुणी लेख लिहू नये.

शिवाय या बाजूनं बोलणाऱ्याला एका जुन्या आक्षेपाचं उत्तर द्यावं लागतं. ॲपलमध्ये मांडणीचं काम पाहणाऱ्या ब्रूस टॉग्नाझिनी यांनी १९८९ मध्ये लिहिलं होतं की कळफलक वापरणाऱ्याला आपण वेगवान आहोत असं वाटतं, पण घड्याळ लावलं तर माऊस वेगवान निघतो. त्यांचं म्हणणं असं, की कुठली कळ दाबायची हे आठवण्यात सेकंद-दोन सेकंद जातात आणि तो वेळ माणसाच्या ध्यानातच राहत नाही. हा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच पन्नास शॉर्टकट पाठ करायला लावणाऱ्या तक्त्यांवर माझा विश्वास नाही. महिन्यातून एकदा लागणारी आज्ञा मेन्यूत शोधलेलीच बरी. पण ऑल्ट-टॅबमध्ये आठवायला काही नसतं. दिवसात शेकडो वेळा येणारी एकच हालचाल हाताला लागली की ती डोक्याकडे विचारायला जात नाही.

खरा फायदा तिथं आहे. ताईंच्या बाबतीत खरं नुकसान वाया जाणाऱ्या सेकंदांचं नव्हतं, मधेच विसरल्या जाणाऱ्या नावाचं होतं. डोक्यात धरलेली गोष्ट नाजूक असते. बाण कुठे आहे, चित्र कुठलं, क्लिक लागलं का, असे तीन बारीक निर्णय मधे आले की धरलेली ओळ सुटते. भाषांतर करणारा, हिशेब ताळून पाहणारा, दोन मसुदे शेजारी ठेवून वाचणारा, या सगळ्यांचं काम म्हणजे एका खिडकीतलं काहीतरी ओंजळीत घेऊन दुसरीत नेणं. वाट जितकी लांब तितकं ओंजळीतून गळणार.

आता ज्यांच्यासाठी हा सोयीचा नाही, शक्य-अशक्याचा प्रश्न आहे त्यांच्याकडे येतो. ज्याला स्क्रीन दिसत नाही त्याला बाण कुठे न्यायचा हे कसं कळणार? त्याच्यासाठी माऊस हे साधनच नाही. त्याचा सगळा संगणक कळफलकावर आणि कानांत असतो. स्क्रीनवाचक प्रोग्रॅम जे वाचून दाखवतो त्यावर तो चालतो. ऑस्ट्रेलियातले मायकेल करन स्वतः अंध. त्यांनी २००६ मध्ये एनव्हीडीए नावाचा असा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी मोफत ठेवला. असा प्रोग्रॅम वापरणारा माणूस ऑल्ट धरून टॅब दाबत जातो, तेव्हा त्याला दर टॅबला खिडकीचं शीर्षक ऐकू येतं. आपण चित्रांकडे नजर टाकतो तेवढ्या वेळात त्याला शब्द ऐकायचा असतो, आणि हवा तो शब्द कानावर पडताच तो ऑल्ट सोडतो. त्यामुळे शीर्षकातला पहिला शब्द कोणता, हा त्याच्या दिवसभराच्या श्रमाचा प्रश्न होतो. विंडोज ३.१ मध्ये शीर्षकात आधी प्रोग्रॅमचं नाव यायचं, मग फाइलचं. विंडोज ९५ मध्ये हा क्रम उलटा केला गेला: आधी फाइल, मग प्रोग्रॅम. अगदी लहान बदल, पण विचारपूर्वक केलेला. आज कित्येक संकेतस्थळं पुन्हा आपलं नाव आधी ठेवतात आणि पानाचा विषय शेवटी. पाच खिडक्या उघड्या असल्या की तेच नाव पाच वेळा ऐकायचं, मग कळणार की यातलं आपलं पान कुठलं.

हात थरथरणाऱ्या माणसासाठी टास्कबारवरचं चिमुकलं चित्र टिपणं हीच कसरत. एकाच हातानं काम करणाऱ्याला ऑल्ट धरून ठेवून टॅब दाबणंही जड जातं. त्याच्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि टॅब असं एकदाच दाबलं की खिडक्यांची यादी उघडी राहते आणि मग बाणांच्या कळांनी निवड करता येते. एकापाठोपाठ एक कळ दाबली तरी ती एकत्र दाबल्यासारखी धरावी, अशी सोय विंडोज ९५ पासून संगणकातच आहे. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर जी चौकट येते आणि जी बहुतेक जण त्रासून बंद करतात, ती याच सोयीची. कुणाचा तरी दिवस त्या चौकटीवर उभा आहे हे माहीत झाल्यापासून मी ती बंद करताना थांबून वाचतो.

वेबच्या जगात यासाठी लेखी निकष आहेत. वेबचे निकष ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेनं डिसेंबर २००८ मध्ये सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या, मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ती काढली, तिच्यात सगळ्यात खालच्या, म्हणजे किमान पातळीवरच ही अट आहे की प्रत्येक क्रिया कळफलकावरून करता आली पाहिजे. दुसरी अट, कळफलकानं एखाद्या घटकात शिरता आलं तर कळफलकानंच बाहेरही पडता आलं पाहिजे. २०१८ च्या आवृत्तीत आणखी एक भर पडली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: एखाद्या संकेतस्थळानं एकाच अक्षराचा शॉर्टकट ठेवला असेल तर तो बंद करण्याची किंवा बदलण्याची मुभा वापरणाऱ्याला असावी, निदान संबंधित घटकात असतानाच तो चालावा. बोलून संगणक चालवणाऱ्या माणसाच्या तोंडचा साधा शब्द अशा अक्षरांची माळ बनून भलत्याच आज्ञा सुटतात, म्हणून ही अट आली. पण तिच्यामागचं तत्त्व मोठं आहे. कळेचा अर्थ ठरवण्यात वापरणाऱ्याचाही वाटा आहे, हे कुठेतरी कागदावर उतरलं.

आता अपडेटमध्ये अर्थ बदलण्याबद्दल. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीत ऑल्ट-टॅबच्या यादीत कंपनीच्याच एज ब्राउझरचे टॅबही, म्हणजे त्यात उघडलेली वेगवेगळी पानंही, खिडक्यांच्या बरोबरीनं दिसू लागले. कारण समजण्यासारखं आहे. बऱ्याच लोकांचं काम आता ब्राउझरच्या आतच चालतं, त्यांच्यासाठी टॅब हीच खिडकी. सेटिंगमध्ये जाऊन ते बंदही करता येतं. पण न विचारता ते चालू केलेलं होतं, आणि ऑल्ट धरून एकदा टॅबची कळ दाबली की मघाचा प्रोग्रॅम, हा वर्षानुवर्षांचा भरवसा त्या दिवशी कित्येकांचा मोडला. ज्यांना स्क्रीन दिसते ते दोन मिनिटं गोंधळून सावरले असतील. कानांनी काम करणाऱ्याची चार नावांची यादी रातोरात चौदा नावांची झाली असेल तर त्याला कारण शोधायला किती वेळ लागला असेल? नवी सोय आणावी, जरूर आणावी. तिला नवी कळ द्यावी, किंवा आधी विचारावं. जुन्या कळेत नवा अर्थ भरणं म्हणजे लोकांच्या हातांनी वर्षानुवर्षं केलेली मेहनत परस्पर वापरून घेणं.

२०११ मध्ये लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवरचं गनोम ३ (खिडक्या, मेन्यू वगैरे दाखवणारी मांडणी) आलं तेव्हाही असाच वाद झाला. तिथं ऑल्ट-टॅब खिडक्या बदलेनासं झालं, प्रोग्रॅम बदलू लागलं. एकाच प्रोग्रॅमच्या दोन खिडक्यांत ये-जा करायची तर ऑल्टबरोबर टॅबच्या वरची कळ. मॅकवर ही विभागणी आधीपासून आहे: कमांड-टॅबनं प्रोग्रॅम, आणि त्याच प्रोग्रॅमच्या खिडक्यांसाठी वेगळी जोडी. यातला मूळ प्रश्न मला फार रोचक वाटतो. माणूस कशाचा विचार करतो, प्रोग्रॅमचा की कामाचा? मी पत्र लिहीत असतो आणि मला मागचं पत्र बघायचं असतं. मला "ते पत्र" हवं असतं, ते कुठल्या प्रोग्रॅममध्ये उघडलंय याच्याशी माझं देणंघेणं नसतं. मागचं पत्र त्याच प्रोग्रॅममध्ये असेल तर एक कळ आणि दुसऱ्यात असेल तर दुसरी कळ, म्हणजे हाताला आधी संगणकाची व्यवस्था आठवावी लागणार. टॉग्नाझिनींनी सांगितलेला तो हरवलेला सेकंद इथं परत येतो. म्हणून मी खिडक्यांच्या बाजूचा. मॅकवर वाढलेल्या माणसाला याच्या उलट वाटू शकतं आणि त्याचं त्याच्या जागी बरोबर असेल. त्याच्या हाताला ते वळण लागलंय, आणि कुणी ते न विचारता बदललं तर मी त्याच्याही बाजूनं बोलेन.

गनोमनं एक गोष्ट चांगली केली, ती सांगायलाच हवी. त्यांनी दुसऱ्या कळेचं नाव चिन्हावरून न ठरवता जागेवरून ठरवलं, टॅबच्या वरची कळ. वेगवेगळ्या भाषांच्या कळफलकांवर त्या जागी वेगवेगळी चिन्हं असतात. चिन्हावर बेतलेली आज्ञा एका भाषेत हाताशी असते आणि दुसरीत कुठल्या कुठे जाते. दोन लिप्यांत लिहिणाऱ्यांना असे काटे रोज टोचतात. ऑल्ट, शिफ्ट आणि टॅब एकत्र दाबले की खिडक्यांच्या यादीत उलट जाता येतं. पण अनेक संगणकांवर नुसतं ऑल्ट-शिफ्ट दाबून सोडलं की लिपीच बदलते. टॅबवरचं बोट जरा चुकलं की पुढचा सगळा शब्द भलत्याच अक्षरांत उमटतो. इंग्रजीत एकाच लिपीत टाइप करणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर ही जोडी ठरवताना हा अपघात आलाच नसेल. कळा सार्वजनिक मानल्या तर त्या ठरवताना कोण कोण खोलीत होतं हा प्रश्नही विचारावा लागतो.

आणखी एक गोष्ट अलीकडे वाढली आहे आणि ती मला अस्वस्थ करते. ऑनलाइन परीक्षेच्या काही प्रणालींमध्ये खिडकी बदलणं हाच संशयाचा पुरावा धरतात. पान पुढून मागे गेलं की ब्राउझर तशी सूचना देतो, ती मोजली जाते. कामावर नजर ठेवणारे प्रोग्रॅमही कुठली खिडकी किती वेळ पुढे होती याची नोंद ठेवतात. परीक्षेत नक्कल रोखायला हवी हे कोण नाकारेल? पण खिडकी पुढून मागे जाण्याला कारणं अनेक असतात. मध्येच एखादी सूचना वर येते, स्क्रीनवाचकाची चौकट उघडते, शिफ्ट चुकून पाच वेळा दाबला जातो. नुसत्या मोजणीला यातला फरक कळत नाही. मोजून दोषी ठरवायचं असेल तर निदान माणसानं त्या नोंदीकडे पाहिल्याशिवाय निकाल लागू नये, आणि ज्याच्यावर ठपका येतो त्याला ती नोंद दिसावी.

मग काय करावं? शिकवण्याबद्दल माझं मत ठाम आहे. संगणकाच्या बहुतेक वर्गांची सुरुवात डावं क्लिक, उजवं क्लिक, डबल क्लिक यांनी होते. डबल क्लिक ही खरं तर अवघड हालचाल आहे. हात न हलवता ठरावीक वेळात दोनदा दाबायचं, ज्येष्ठांना ते किती जड जातं हे ज्यानं शिकवलंय त्याला माहीत आहे. शॉर्टकट मात्र शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांच्या तक्त्यात, "अधिक माहितीसाठी". हा क्रम उलटा करावा. पहिल्याच आठवड्यात मोजून पाच गोष्टी हाताला लावाव्यात: खिडकी बदलणं, कॉपी, पेस्ट, झालेली चूक मागे घेणं आणि पानात शब्द शोधणं. बाकी सारं माऊसनं करू द्यावं. आणि सांगताना तक्ता देऊ नये. शेजारी बसून, त्यांचा अंगठा ऑल्टवर ठेवून, ऑल्ट सोडायचा नाही एवढंच सांगावं. पहिले दोन प्रयत्न फसतात, तिसरा जमतो. त्या दोन फसलेल्या प्रयत्नांत शेजारी कुणी नसेल तर माणूस तिथंच सोडून देतो आणि पुढची सगळी वर्षं बाण टास्कबारवर नेत राहतो.

आणि जिथं सार्वजनिक पैशातून सॉफ्टवेअर विकत घेतलं जातं, तिथं एक साधी चाचणी करारात लिहावी: माऊसची वायर काढा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक पूर्ण काम करून दाखवा. याला तज्ज्ञ लागत नाही, यंत्र लागत नाही, अर्धा तास पुरतो. मी अशी चाचणी एकदा करून पाहिली आहे. एका कामासाठी बनवून घेतलेल्या अर्जाची प्रणाली दाखवायला बनवणारे आले होते. मी दाखवणाऱ्या तरुणाला विनंती करून माऊस बाजूला ठेवायला लावला. तो टॅब दाबत दाबत नाव, पत्ता, फोन असं छान पुढे गेला. जन्मतारखेच्या रकान्यावर आला आणि अडला. तिथं फक्त एक दिनदर्शिका उघडत होती, बाणाच्या क्लिकनं, आणि वर्ष मागे न्यायला एकेक महिना मागे जावं लागत होतं. टॅब दाबला की तो रकाना ओलांडून थेट पुढच्यावर जायचं. त्यानं तीनदा प्रयत्न केला. खोलीतलं कुणी काही बोललं नाही. मग त्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, "आणखी कुठे अडतं ते बघूया का?" आम्ही शेवटपर्यंत गेलो. अजून दोन जागा सापडल्या. पुढच्या आवृत्तीत जन्मतारीख आठ आकडे टाइप करून भरता येत होती.